छंद आणि त्याचें कुंपण

मनुष्यानें छंद धरावा, छंदानें मनुष्यास धरूं नये, असें म्हणणें सोपें आहे. परंतु वस्तुसंग्रहाच्या छंदांत ही अदलाबदल केव्हां होते, हें त्या मनुष्याला सहसा समजत नाहीं. कोणी नाणीं जमवितो, कोणी टपालाचीं तिकिटें, कोणी अडकित्ते, कोणी आगपेट्यांवरील चित्रें. प्रारंभीं सारा संग्रह टेबलाच्या एका खणांत मावतो. दोन वर्षांनीं खण अपुरा पडतो, पांच वर्षांनीं कपाट लागतें, आणि दहा वर्षांनीं पाहुणा आला म्हणजे त्याची गादी कोठें घालावी, असा प्रश्न घरांतील मंडळींना पडतो. याच सुमारास दुसरीही एक गोष्ट घडते. बाजारांत दिसलेली एखादी वस्तु मोठ्या हौसेनें विकत घेऊन गृहस्थ घरीं येतात, आणि ती ठेवण्यासाठीं पेटी उघडतांच तसलीच एक वस्तु आंत आधींच पडलेली आढळते. आपल्यापाशीं काय आहे हेंच ज्याला आठवत नाहीं, त्याचा संग्रह वाढला असें म्हणावें, कीं ढीग वाढला असें म्हणावें?

या प्रश्नाचें एक चांगलें उत्तर पुणें जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, भोर आणि वेल्हे या डोंगरी मुलखांत सांपडतें. तें उत्तर कागदाच्या तीन लहानशा तुकड्यांचें आहे. पण त्यांच्याकडे वळण्यापूर्वीं टपालाच्या तिकिटांच्या छंदाचा पसारा कसा वाढला, तें थोडक्यांत पाहणें योग्य होईल. कारण संग्रह हाताबाहेर जाण्याचीं बहुतेक कारणें या एकाच छंदांत एकत्र पाहावयास मिळतात.

टपालाचें पहिलें तिकीट इंग्लंडांत ६ मे १८४० या दिवसापासून चालू झालें. हिंदुस्थानांत प्रथम १८५२ सालीं सिंध प्रांतांत, आणि नंतर १८५४ सालीं सर्व ब्रिटिश मुलखासाठीं तिकिटें निघालीं. त्या काळीं जगांत तिकिटांचे प्रकार मोजके होते. तेव्हां सर्व जगाचीं तिकिटें एका वहींत आणूं, अशी आकांक्षा धरणें कांहीं वेडेपणाचें नव्हतें. परंतु तिकिटें जमविणारे लोक वाढतांच, पत्रासाठीं तिकीट न छापतां संग्राहकासाठीं तिकीट छापण्याची युक्ति निघाली. १८९० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या निकोलस सीबेक या गृहस्थानें निकाराग्वा, होंडुरास, एल साल्वाडोर, इक्वेडोर अशा देशांशीं करार केले. त्या देशांना दरवर्षीं नवीं तिकिटें त्यानें फुकट छापून द्यावीं, आणि मोबदल्यांत वर्षअखेर उरलेलीं तिकिटें व तीं पुन्हां छापण्याचा हक्क त्याच्याकडे राहावा, असा तो व्यवहार होता. म्हणजे देशाला तिकिटें मिळालीं, सीबेकला गिऱ्हाइकें मिळालीं, आणि संग्राहकाला दरवर्षीं नवी यादी मिळाली! या सट्ट्याला आळा घालण्यासाठीं १८९५ सालीं लंडन येथें एक मंडळी स्थापन झाली. पण तिची डाळ फार दिवस शिजली नाहीं. आज तर जगांतील बहुतेक सर्व देश वर्षभर नवनवीं तिकिटें काढीत असतात, आणि पूर्वीं ज्या खरेदीला दुकानापर्यंत चालत जावें लागे, ती खरेदी हातांतील फोनवर बोट टेकवून मध्यरात्रींही होऊं शकते. दुकान बंद झालें म्हणजे तरी हौस घरीं परतत असे; आतां तोही अडसर उरलेला नाहीं.

"सर्व कांहीं" जमविण्याच्या आकांक्षेचा शेवट कसा होतो, याचें सर्वांत मोठें उदाहरण फिलिप फेरारी यांचें आहे. पॅरिसमध्यें राहणाऱ्या या अतिश्रीमंत गृहस्थानें जन्मभर तिकिटें घेतलीं. त्यांची व्यवस्था ठेवण्यासाठीं पगारी जाणकार ठेवले. ब्रिटिश गियानाचें १८५६ सालचें एक सेंटाचें किरमिजी तिकीट, ज्याची एकच प्रत जगाला ठाऊक आहे, तेंही त्यांच्यापाशीं होतें. हा सारा संग्रह बर्लिनच्या टपालसंग्रहालयास मिळावा, असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेवलें. परंतु १९१७ सालीं, पहिलें महायुद्ध चालू असतां, त्यांचा अंत झाला. फ्रेंच सरकारनें तो संग्रह शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यांत घेतला आणि १९२१ पासून १९२५ पर्यंत चौदा लिलावांत विकून टाकला. जें एका माणसानें आयुष्य वेंचून एकत्र केलें, तें चार-पांच वर्षांत पुन्हां जगभर पांगलें. फेरारीपाशीं पैसा अपार होता. त्यांनाही "सर्व" गोळा करतां आलें नाहीं. मग ज्याचा संसार महिन्याच्या वेतनावर चालतो, त्यानें "सर्व" या शब्दाच्या मागें किती धांवावें?

आतां भोरकडे वळावें. भोर हें पंतसचिवांचें संस्थान. छत्रपति राजाराममहाराजांच्या काळीं शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळालें आणि त्यांच्या वंशाकडे हा डोंगरी मुलूख चालत आला. संस्थानाचें क्षेत्रफळ सुमारें ९२५ चौरस मैल होतें. त्याचे पांच तालुके होते आणि बहुतेकांचीं नांवें किल्ल्यांवरून पडलेलीं: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ. यांतील विचित्रगड म्हणजे भोरजवळचा रोहिडा, आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. त्याच्याच पायथ्याशीं वेल्हे हें गांव आहे. ८ मार्च १९४८ रोजीं हें संस्थान त्या वेळच्या मुंबई प्रांतांत विलीन झालें.

या संस्थानानें आपल्या हद्दींतील पत्रव्यवहारासाठीं स्वतःचीं टपालतिकिटें काढलीं होतीं. १८७९ सालीं अर्ध्या आण्याचें एक आणि एक आण्याचें एक, अशीं दोन तिकिटें निघालीं. दोन्ही किरमिजी रंगाचीं. तीं यंत्रावर छापलेलीं नव्हतीं. हातशिक्क्यानें देशी कागदावर उमटविलेलीं होतीं. मागें डिंक नाहीं, कडेला दांते नाहींत. त्यानंतर १९०१ सालीं अर्ध्या आण्याचें तिसरें तिकीट निघालें. तें तांबडें असून त्यावर त्या वेळचे अधिपति शंकरराव पंतसचिव यांचें चित्र आहे. हे शंकरराव १८७१ पासून १९२२ पर्यंत गादीवर होते. म्हणजे तिन्ही तिकिटें त्यांच्याच कारकीर्दीतलीं. बस्स, एवढेंच. जगांतील संग्राहक ज्या गिबन्सच्या सूचिपत्रावर भिस्त ठेवतात, त्यांत भोरच्या नांवाखालीं मुख्य क्रमांक तीन आहेत. हैदराबाद व त्रावणकोर या संस्थानांच्या लांबलचक याद्यांच्या शेजारीं ही यादी इतकी आंखूड दिसते कीं, पान उलटतांना ती नजरेंतून सुटावी.

कोणी म्हणेल, तीन तिकिटांचा संग्रह तो काय संग्रह! एका दिवसांत संपेल. परंतु खरी मौज येथूनच सुरू होते. जो मनुष्य जगाचीं तिकिटें जमवितो, तो भोरचें तिकीट मिळतांच वहींत लावून पुढच्या देशाकडे जातो. ज्यानें भोरच धरलें आहे, त्याला पुढें जाण्यास जागाच नसते. म्हणून तो खोल जातो. तीं पहिलीं दोन तिकिटें त्याला सर्वत्र सारखीं दिसेनाशीं होतात. एका प्रतीचा रंग गर्द, दुसरीचा फिका. एकीचा कागद जाड, दुसरीचा पातळ. शिक्का हातानें मारलेला असल्यामुळें एके ठिकाणीं तो नीट उमटला आहे, दुसरीकडे अर्धवट. असे भेद कां पडले, हा प्रश्न उभा राहतो. मग देशी कागद कसा तयार होई, शिक्का कशाचा करीत, शाई कशी कालवीत, याची चौकशी सुरू होते. पहिल्या दोन तिकिटांनंतर तिसरें येईपर्यंत बावीस वर्षें गेलीं. त्या अवधींत या खोऱ्यांतून पत्रें कशीं जात होतीं, हा दुसरा प्रश्न. तिकीट मूळ लिफाफ्यावर असेल तर तें पत्र कोठून निघालें व कोणाकडे गेलें, हें कळतें. आणि नकाशा पुढें घेतला म्हणजे हिरडस मावळ, वेळवंड, गुंजण मावळ हीं नांवें नुसतीं नांवें राहत नाहींत.

याच वाटेनें संग्राहक इतिहासाच्या दारापर्यंत येतो. सचिव हा शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांपैकीं एक. राजाकडून निघणारीं पत्रें तपासावीं, त्यांतील मजकूर अधिकउणा असेल तर तो शुद्ध करावा, हें सचिवाचें मुख्य काम. ज्या घराण्याचें मूळ काम पत्रें तपासणें, त्याच घराण्याच्या संस्थानानें पुढें पत्रांसाठीं तिकिटें काढावीं, हा योगायोग तरी मोठा गोड आहे. आणि त्यांत संग्राहकासाठीं एक बोधही आहे. संग्रह करणाऱ्या प्रत्येक मनुष्याच्या अंगीं राजा असतो, तो म्हणतो, "हें आणा, तेंही आणा." त्याच्याजवळ एक सचिव नसेल तर राज्य कर्जांत बुडतें. अधिक काय, उणें काय, हें पाहून अधिक तें काढून टाकणारा सचिव संग्राहकानें स्वतःच्याच ठिकाणीं निर्माण केला पाहिजे.

त्या सचिवाचें पहिलें काम हद्द आंखण्याचें. हद्द स्थळाची असूं शकते, काळाची असूं शकते, किंवा विषयाची. भोरचीं तिकिटें ही स्थळाची हद्द झाली. काळाची हद्द हवी असेल तर स्वतंत्र भारतानें १९४७ सालीं काढलेलीं तिकिटें घ्यावीं. तींही तीनच आहेत: २१ नोव्हेंबर रोजीं निघालेलें राष्ट्रध्वजाचें साडेतीन आण्यांचें, आणि १५ डिसेंबर रोजीं निघालेलीं अशोकस्तंभावरील सिंहांचें दीड आण्याचें व विमानाचें बारा आण्यांचें. विषयाची हद्द म्हणजे केवळ किल्ले, केवळ पक्षी, केवळ महात्मा गांधी. यांत गांधींचा विषय दिसतो तितका आटोपशीर नाहीं. १५ ऑगस्ट १९४८ रोजीं भारतानें चार तिकिटें काढलीं तेथून आरंभ होतो खरा, पण पुढें कितीएक देशांनीं त्यांच्या नांवें तिकिटें काढलीं आहेत. म्हणून विषयाला काळाची किंवा देशाची दुसरी दोरी बांधणें शहाणपणाचें. आंखलेली हद्द वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यांत लिहून ठेवावी. मनांतली हद्द दुकानांत गेल्यावर सरकते. लिहिलेली सरकत नाहीं.

दुसरें काम जागेचें. संग्रहाला एक कपाट दिलें असेल तर तें भरल्यावर दुसरें कपाट आणण्याचा विचार न करतां, नवी वस्तु आंत येतांना जुनी कोणती बाहेर जाईल, हें आधीं ठरवावें. जोडप्रती निराळ्या पाकिटांत ठेवून अदलाबदलीस काढाव्या. जी वस्तु हद्दीबाहेरची आहे, पण कोणी प्रेमानें दिली म्हणून ठेवली आहे, तिला वहींत स्थान न देतां आठवण म्हणून निराळी जपावी. नाहींतर तिच्या सोबतीसाठीं तिच्यासारख्या आणखी दहा आणाव्याशा वाटतात.

तिसरें काम नोंदवहीचें. वस्तु कोठून आली, केव्हां आली, किती किंमत दिली, तिच्यांत काय विशेष आहे, एवढें लिहिल्यावांचून ती वहींत लावूं नये. मागील खरेदीची नोंद पुरी झाल्याखेरीज पुढील खरेदी करावयाची नाहीं, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मी उधळपट्टी थांबते. शिवाय नोंद लिहितांना डोळे उघडतात. संस्थानी तिकिटांची छपाई साधी असल्यामुळें त्यांच्या नकला करणें सोपें असतें. जो निरखून लिहितो तो सहज फसत नाहीं. आणि हांवेनें केलेली एक मोठी हानिही टळते. जुन्या लिफाफ्यांचा गठ्ठा हातीं आला कीं भराभर तिकिटें कापून किंवा भिजवून काढावयाचीं, ही अनेक नवशिक्यांची रीत. हातशिक्क्याच्या रंगाला पाण्याचा भरंवसा नसतो. आणि तिकीट वांचलें तरी त्याचा प्रवास सांगणारा लिफाफा गेला, तो गेलाच.

चौथें काम निगेचें, आणि येथें वेल्ह्याचा पाऊस चांगला गुरु आहे. सह्याद्रीच्या कुशींतील या मुलखांत पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल धरतात, कपडे वाळत नाहींत, कागदाला बुरशी येते. कसर आणि वाळवी आपापलें काम चोख बजावतात. शहरांतील घरें यापेक्षां कोरडीं असलीं, तरी कागदाचे शत्रु तेच. वह्या आडव्या रचून दडपूं नयेत, उभ्या ठेवाव्या. तिकिटें खळीनें चिकटवूं नयेत. बिजागरीसारखी दुमडणारी पातळ पट्टी, जिला संग्राहक हिंज म्हणतात, ती वापरावी, अथवा तिकीट पारदर्शक कप्प्यांत ठेवावें. पावसाळा सरतांच कोरड्या दिवशीं, पण उन्हांत नव्हे, प्रत्येक पान उघडून पाहावें. हें काम एका माणसाला दोन-तीन दिवसांत उरकतां आलें पाहिजे. संग्रह किती मोठा असावा, या प्रश्नाचें यापेक्षां नेमकें माप सांपडणें कठीण: वर्षांतून एकदां ज्याच्या प्रत्येक वस्तूला मालकाचा हात लागूं शकतो, तेवढाच संग्रह मालकाचा. बाकीचा कसरीचा.

वेल्ह्याच्या माथ्यावर उभा असलेला तोरणाही हेंच सांगतो. त्याचा विस्तार एवढा मोठा कीं महाराजांनीं त्याला प्रचंडगड हें नांव दिलें. पण किल्ल्याचा तट जितका लांब, तितके पहारेकरी अधिक. जेथें पहारा नाहीं, तेथें तट असून नसल्यासारखा. तोरण्यावर सांपडलेल्या धनाची कथा प्रसिद्ध आहे. तें धन हंड्यांतच ठेवून मोजीत बसण्याऐवजीं समोरच्या डोंगरावर राजगड उभारण्याकडे लागलें, म्हणून त्याची कथा झाली.

घरांत मुलें तिकिटें जमवूं लागतात तेव्हां हा विचार विशेष उपयोगी पडतो. शंभर देशांच्या मिश्र तिकिटांचें पाकीट आणून दिलें म्हणजे मुलाला आनंद होतो, पण तो आनंद मोजण्याचा असतो. शेजारच्या मुलाजवळ पांचशें झालीं कीं याला सहाशें हवीं असतात. वडिलांनीं "किती झालीं?" असें विचारण्याऐवजीं "या तिकिटावर काय आहे?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें मूल दुकानाकडे जातें, दुसऱ्यानें पुस्तकाकडे.

याचा अर्थ मोठा संग्रह कधीं करूंच नये, असा नव्हे. पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालय हें एका माणसाच्या छंदांतूनच उभें राहिलें. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजेच "अज्ञातवासी" या नांवानें कविता लिहिणारे कवि, यांनीं १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि अकालीं निवर्तलेल्या आपल्या मुलाचें, राजाचें, नांव त्या संग्रहाला दिलें. दिवे, अडकित्ते, भांडीं, वाद्यें, दरवाजे अशा वीस हजारांहून अधिक वस्तू त्यांत आहेत. पण दोन गोष्टी ध्यानांत घेतल्या पाहिजेत. संग्रह अफाट असला तरी त्याला सूत्र होतें: सामान्य माणसाच्या नित्य व्यवहारांतील वस्तूंत उतरलेली कला. आणि तो संग्रह त्यांनीं घरच्या माळ्यावर न ठेवतां शेवटीं सार्वजनिक करून शासनाच्या स्वाधीन केला. तरीही आज एका वेळीं मांडतां येतात त्या सुमारें अडीच हजार वस्तू. संग्रहालयालाच आठांपैकीं सात वस्तू आंत ठेवाव्या लागतात, तर तीन खोल्यांच्या बिऱ्हाडाची काय कथा!

म्हणून सचिवाचें शेवटचें काम निरवानिरवीचें. इंग्लंडांतील टॅपलिंग यांनीं आपला तिकिटसंग्रह ब्रिटिश म्युझियमला लिहून दिला; १८९१ सालीं ते वारले, आणि तो संग्रह लंडनला अजून एकत्र नांदत आहे. फेरारींनींही मृत्युपत्र केलें होतें, पण तें युद्धानें खाल्लें. युद्धापुढें कोणाचा इलाज नाहीं. परंतु घरोघरचे संग्रह युद्धानें जात नाहींत. ते मालकाच्या पश्चात् तराजूंत घालून रद्दीच्या भावानें जातात, कारण त्यांत काय आहे हें मागें राहिलेल्यांना कोणी सांगितलेलें नसतें. पत्नीला, मुलांना ती सारी अडगळ वाटते, आणि त्यांचा त्यांत दोष नसतो. मौल्यवान् कोणतें, साधें कोणतें, विकावयाचें तर कोणा जाणकाराला विचारून विकावें, द्यावयाचें तर कोणत्या संस्थेस द्यावें, एवढें नोंदवहीच्या अखेरच्या पानावर लिहिलेलें असावें. हें पान लिहितां येईल इतकाच संग्रह आटोपशीर म्हणावा.

भोरचीं तीन तिकिटें, त्यांच्या रंगछटा, चार लिफाफे, एक नकाशा आणि एक नोंदवही: हा संग्रह एका खणांत मावतो. तो पाहण्यास अर्धा तास लागतो, आणि समजावून सांगण्यास एक संध्याकाळ पुरत नाहीं. पाहुण्याच्या गादीसाठींही मग घरांत जागा उरते.